कंसात टाळ्या

मधल्या सुट्टीनंतरचा तास इतिहासाचा.
निपाणीत त्या वेळी वारा वखारींकडून येतो,
दहावी ब एकदमच शिंकते
आणि मी फळ्यावर लिहिते:
जगातली गाजलेली भाषणं.

पुस्तकातली भाषणं फार लांबून आलेली.
कुठल्याशा थंड देशातल्या मैदानात बोलली गेली,
इंग्रजीतून बेंगळूरला उतरली, कानडी झाली,
तिथून कुणी घाईघाईनं मराठीत आणली,
तीन गाड्या बदलून आलेल्या पाहुण्यासारखी:
पिशवी तीच, आतल्या करंज्यांचा चुरा.
"हे माझ्या सहनागरिकांनो"
असं आमच्या गल्लीत कुणी कुणाला हाक मारत नाही.

बाहुबली चौगुलेचा आवाज खणखणीत,
म्हणून त्याला उभा केला.
तो सुटला पूर्णविरामांवरून, उतारावरच्या गाडीसारखा,
तुरुंग, समुद्र, साखळदंड, पहाट,
आणि न थांबता, त्याच सुरात,
"कंसात टाळ्या, कंस पुरा."
वर्ग हसला. मीही.
मग म्हटलं, थांबायला शिका रे,
भाषणाची ताकद न बोललेल्या जागेत असते.
हे वाक्य मी बावीस वर्षं म्हणते आहे.
बी.एड.च्या वहीतलं आहे.
खरं का ते कधी तपासलं नव्हतं.

गृहपाठ दिला: आपण स्वतः ऐकलेलं एक भाषण.
दुसऱ्या दिवशी आली ती बहुतेक पुढाऱ्यांची,
सीमेवरची, दोन्ही बाजूंची;
माईकची खरखरसुद्धा पोरांनी हुबेहूब काढून दाखवली.
एकानं स्टँडवरची कोल्हापूर गाडीची घोषणा लिहिली होती,
फलाटाच्या नंबरासकट.
त्याला मी दहापैकी आठ दिले.

वैजयंता मगदूमच्या वहीत दीड ओळ.
"बाई, आमच्या आईनं केलतं एकदा."
कुठं?
"वखारीत. चाळणीपाशी."
कोण होतं ऐकायला?
"ऐंशीभर बायका. मी पोत्यावर बसलेली, सहा वर्सांची.
यल्लूबाईच्या हातनं सूप सांडलं, म्हातारीच ती,
मुकादमानं तिची हजेरी खोडली.
तवा आई उठली."
मग काय बोलली?
वैजयंतानं आधी खिडकीकडं बघितलं.
"म्हटली, साकु.
मग म्हटली, पुरं झालं."
एवढंच?
"एवढंच. निम्म्या बायका चिक्कोडीकडच्या,
म्हणून दोनदा."

मी दोन्ही फळ्यावर लिहिलं, शेजारी शेजारी.
मूळ आणि भाषांतर, दोन्ही एकाच तोंडचं,
वाटेत काही सांडलेलं नाही.

बाहुबलीनं हात वर केला.
"आणि टाळ्या?"
"टाळ्या कुठल्या. हात तंबाखूनं भरलेले सगळ्यांचे.
शिंकत शिंकत बाहेर पडल्या."

पुढं काय झालं, मी विचारलं,
कारण धड्याच्या शेवटी ते असतं, चौकटीत,
परिणाम म्हणून.
"पाच दिवस कुणी गेलं न्हाई.
सहाव्या दिवशी गेल्या.
यल्लूबाईला घेतलं न्हाई."

वर्ग गप्प होता. ही ती जागा असावी,
वहीतली, बावीस वर्षांपूर्वीची,
पण मला तिथं काही बोलता येईना
आणि ताकद वगैरे काही वाटेना,
नुसता नाकात झणका.
"गाजलेली" या शब्दावर मी डस्टर ठेवला होता
तेवढ्यात घंटा झाली.

पुढचा तास कानडीचा. हिरेमठ सर दारातच भेटले,
माझ्या हातातून डस्टर घेतला,
फळ्यापाशी जाऊन उभे राहिले,
ओठ हलवत पहिला शब्द वाचला, मग दुसरा.
मागं वळून विचारलं, "यारदू? कुणाचं हे?"
वैजयंता उभी राहिली.
सरांनी डस्टर टेबलावर ठेवला
आणि उरलेल्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात,
आपला धडा लिहायला लागले.